भीती कुठे वाटली?

परवा मावशीची राख सावडायला गेलो होतो. पाणी शिंपडलेल्या राखेचा वास नाकात बसला होता. चुलतभाऊ हळूच म्हणाला, "तोंडात सोन्याचा मणी ठेवलेला. आता कुणाच्या हाती लागेल कोण जाणे." लागो, मी मनात म्हटलं. मावशीनेही हेच म्हटलं असतं. आणि मला अण्णा भाऊ साठ्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा आठवला. खाण बंद पडल्यावर तो प्रेतांच्या तोंडातलं सोनं काढून पोट भरतो.

ती कथा वाचताना प्रेताच्या तोंडात सोनं कसं, हे आपल्यापैकी अनेकांना विचारावं लागत नाही. आपल्या हाताने ते ठेवलेलं असतं. म्हणून भीमा जबड्यात बोटं घालतो तेव्हा ते तोंड घरच्याच कुणाचं वाटतं आणि अंगावर काटा येतो.

कॉलेजात सरांनी ती भयकथा म्हणूनच शिकवली. अंधार, कोल्हे, जबड्यात अडकलेली बोटं. वर्ग शहारला. माझ्या शेजारचा मित्र उठून म्हणाला, "सर, पण खाण का बंद पडली?" त्याचे वडील दगडाच्या खाणीत होते. पावसाळ्यात काम थांबायचं आणि घर उधारीवर चालायचं. सर म्हणाले, "तो मुद्दा गौण आहे." त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची भुतांच्या लढाईची कथा वाचायला देऊन ती पुन्हा आठवून लिहायला लावली होती. १९३२ च्या त्याच्या पुस्तकात ती हकिगत आहे. सीलच्या शिकारीला निघालेले तरुण मासे धरायला निघाले, कॅनूची साधी होडी झाली, काहींच्या लिखाणातून तर भुतंच गेली. वाचकाला जे अनोळखी, ते असं बदलतं किंवा गळतं. आमच्या वर्गाने तशी खाण गाळली.

अण्णा भाऊंनी ती गाळण्याजोगी लिहिली नव्हती. वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबई गाठलेल्या, गिरणीत राबलेल्या, घाटकोपरच्या चिरागनगरात राहिलेल्या माणसाला काम सुटणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. भीमा आधी खाणकामगार आहे, घरी बायको आणि लाडकी लेक आहे. बोटं तुटल्यावर खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते आणि तो धिप्पाड गडी रडतो. माझ्या मित्राला कथेतली खरी भीती तिथे दिसली होती.

ही कथा शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. अर्थ सांगण्याआधी वर्गाला विचारा, भीती कुठे वाटली? आणि ज्याच्या घरची चूल रोजंदारीवर पेटते, त्याला आधी बोलू द्या.