उंदराच्या पोटातला पावसाळा

दोस्तांनो, भुसावळहून तापीचा पूल ओलांडून यावलकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी! मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांकडे धावत असतो; पण बागेत शिरा, पायाखाली ओल आणि डोक्यावर सावली.

आता जळगाव, पारोळा करत धुळ्याकडे चला. इथल्या कोरडवाहू रानात पावसावर येणारा कापूस नि बाजरी. उन्हाळ्यात जमीन नुसती तापलेली असते.

उंदीर दोन्हीकडे आहेत. पण त्यांच्या पोटातल्या जंतांचं नशीब काही सारखं नसतं. का? कारण बऱ्याच जंतांचं थोडं आयुष्य उंदराच्या बाहेर जातं!

उंदरात सापडणारा एक दोऱ्यासारखा जंत घ्या. नाव भलंमोठं, निपोस्ट्रॉंजिलस. त्याची अंडी लेंड्यांबरोबर मातीत पडतात. ओल आणि ऊब मिळाली की अळी बाहेर येते. काही दिवसांत ती उंदराच्या कातडीतून आत घुसते, रक्तातून फुप्फुसात जाते, तिथून घशात येते आणि गिळली गेली की आतड्यात मुक्काम! कोरड्या, तापल्या मातीत मात्र ती वाळून मरते. म्हणून कोरडवाहू रानात तिचे सुगीचे दिवस पावसाळ्यातले. ओलिताच्या बागेत तिला उन्हाळ्यातही थारा मिळू शकतो.

उंदरातल्या फीतकृमीची तऱ्हा वेगळी. त्याची अंडी धान्यातला किडा खातो आणि तो किडा उंदीर खातो. त्यामुळे त्याला धान्याचं कोठार मानवतं. तिसरा एक बारीक पांढरा जंत बिळातच पसरतो. उंदीर अंग चाटतो, तेव्हा अंडी पोटात जातात. त्याला पाऊस नको, बिळात गर्दी हवी.

म्हणजे उंदराच्या पोटात काय आहे, हे ऋतू आणि जागाही ठरवते.

आणि आपलं काय? माणसाचा अंकुशकृमी उंदरातला नव्हे, पण युक्ती तीच! उघड्यावर शौचाला बसल्याने त्याची अंडी मातीत जातात आणि ओल्या मातीतली अळी अनवाणी पायातून शरीरात शिरते. अंकुशकृमी आतड्यात रक्त पितो, मूल फिकट पडतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. म्हणून पावसाळ्यात शेतात जाताना पायात चप्पल हवीच. शौचालय वापरा, जेवणाआधी हात धुवा. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. त्या दिवशी शाळेत मिळणारी गोळी चुकवू नका, बरं का!