आधी बंदर

निसर्ग चक्रीवादळात, 3 जून 2020 ला, हर्णैच्या आमच्या घराची कौलं उडाली. वारा जरा ओसरताच भाऊ आंजर्ल्याच्या खाडीकडे धावला, होडी बघायला. वहिनी आणि पोरं ताडपत्रीखाली भिजत होती. तो राग माझ्या मनातून गेलेला नव्हता.

लेक आइसलँडला असते. तिच्याबरोबर हेइमाए बेटावर गेले. बोट बंदरात शिरताना उजवीकडे उभा कडा, त्याच्या माथ्यावर मेंढ्या, आणि डावीकडे काळाकुट्ट लाव्हा, अगदी पाण्यापर्यंत आलेला. 23 जानेवारी 1973 च्या मध्यरात्रीनंतर गावाला लागूनच जमीन फाटली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे सगळ्या मासेमारी बोटी धक्क्यालाच होत्या, म्हणून 5,300 माणसं काही तासांत बाहेर पडली. पण लाव्हा बंदराच्या तोंडाकडे सरकू लागला. तेव्हा त्या लोकांनी काय करावं? समुद्राचंच पाणी पंपांनी उचलून त्याच्यावर ओतलं. थोडंथोडकं नाही, 60 लाख घनमीटरांहून जास्त, कित्येक आठवडे. पाईप जळत्या दगडावर ओढत न्यायचे, वाफेत पुढचं दिसायचं नाही. लाव्हा थिजला, बंदराचं तोंड उघडं राहिलं. उलट त्या नव्या भिंतीमुळे आत लाटांचा मारा कमी झाला.

घरं मात्र शेकड्यांनी गाडली गेली. लाव्ह्यावर फिरताना खालच्या रस्त्यांच्या नावांच्या पाट्या दिसतात. तिथे माझा जीव कालवला. सारखं वाटत राहिलं, एवढं पाणी होतं तर घरं का नाही वाचली?

धक्क्यावर एक आजी भेटल्या, जन्मभर मासळीच्या कारखान्यात काम केलेल्या. त्यांचंही घर खालीच राहिलं. लेकीकरवी विचारलं, राग नाही आला? समोर क्रेनने बर्फातली मासळी उतरत होती. तिकडे बघत त्या म्हणाल्या, "हे नसतं तर आम्ही परत कशाला आलो असतो?"

आमच्याकडे अजून बायका कमरेएवढ्या पाण्यातून मासळीच्या पाट्या आणतात. असा धक्का हर्णैला हवाच, हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

संध्याकाळी भावाला फोन लावला, तुझं बरोबर होतं म्हणायला. उचलला वहिनीनं. तिचा आवाज ऐकला आणि ते शब्द तोंडातून निघेनात.