टाकीतल्या सळया

आबा वॉचमन आहेत त्या इमारतीची टाकी महिन्यात तीनदा ओसंडली. पंप आपोआप बंद करणारं यंत्र १५ वर्षांचं जुनं. बोलणी मात्र आबांना. वायरमन मामांनी फुगलेला कपॅसिटर बदलला, तरी रडगाणं तेच! मग आबांच्या ट्रंकेतलं यंत्राचं इंग्रजी माहितीपत्रक मी वाचलं : टाकीतल्या सळया नियमित पुसाव्यात. मेन स्विच बंद करून वर चढलो, तो सळयांवर क्षारांचा जाड थर. थरातून वीज जाईना, म्हणून पाणी भिडूनही यंत्राला कळेना. खरवडून लख्ख केल्या. संध्याकाळी टाकी भरली. रिले ‘टक्’ वाजला, पंप थांबला. आबा इतकंच म्हणाले, “ह्या कागदावर एवढं लिहिलं होतं होय?”

घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्या कागदाने वाचणाऱ्याची १५ वर्षं वाट पाहिली होती, आबांनी १९.