फऱ्याच्या हाडापासून सुरुवात

पुरुषाकृती काढताना विद्यार्थी सगळ्यात जास्त घाम गाळतात तो छातीवर आणि पोटावर. चित्र फसतं ते मात्र खांद्यात. मॉडेल हात खाली सोडून उभा असेल तर कसंबसं निभावतं. त्यानं हात डोक्यावर नेला, की कागदावर हात वर गेलेला दिसतो आणि खांदा मात्र जागचा हललेला नसतो. गेली कित्येक वर्षं लाइफ ड्रॉइंग शिकवताना मी हीच चूक पुन्हा पुन्हा दुरुस्त करत आलो आहे. म्हणून या लेखात बाकी सगळं शरीर बाजूला ठेवून फक्त खांद्याबद्दल लिहितो.

ॲनॅटॉमीच्या पुस्तकांतला माणूस बहुतेक पानांवर ताठ उभा असतो, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. त्यावरून डेल्टॉइड, पेक्टोरल, ट्रॅपिझियस ही नावं पाठ होतात, त्यांचे आकारही डोक्यात बसतात. पण हाताचा धडाच्या सांगाड्याशी हाडानं जोडलेला सांधा एकच आहे, आणि तो खांद्यात नाही. गळ्याच्या खळगीपाशी हासळीचं हाड छातीच्या मधल्या हाडाला टेकतं, तिथं तो आहे. पाठीवरचं फऱ्याचं हाड बरगड्यांना कुठंच सांध्यानं जोडलेलं नाही. स्नायूंच्या आधारावर ते बरगड्यांवरून सरकतं, कलतं, फिरतं. हात खालपासून पार वर जातो तेव्हा त्या १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्याचे आणि उरलेले ६० या फऱ्याच्या फिरण्याचे. हात उचलण्याचं एक तृतीयांश काम पाठीवर चाललेलं असतं. समोरून काढणाऱ्याला ते दिसत नाही, म्हणून तो ते सोडून देतो आणि हात उपरा वाटतो.

वाचता वाचता करून बघा. डावा हात छातीवरून उजव्या काखेखाली न्या आणि बोटं पाठीकडं दाबा. आता उजवा हात सावकाश वर न्या. सुरुवातीला बोटांखाली फारसं काही घडत नाही. हात आणखी वर गेला, की फऱ्याचं खालचं टोक बाहेर सरकत काखेच्या मागच्या बाजूला येतं. त्याच वेळी हासळीचं बाहेरचं टोक वर उचललं जातं, खांद्याचा माथा कानाकडं जातो, छातीचा स्नायू ताणला जाऊन स्तनाग्र वर सरकतं. काखेखाली बरगड्यांवर सेरॅटस स्नायूची बोटं उघडी पडतात. काख हा खळगा आहे, पुढून पेक्टोरल आणि मागून लॅटिसिमस अशा दोन भिंतींचा. माझे विद्यार्थी तिथं एक रेघ ओढून मोकळे होतात, याचं मला फार वाईट वाटतं. पुरुषाच्या धडातली सगळ्यात देखणी जागा ती आहे.

लिओनार्दोला खांद्यानं असंच धरून ठेवलं होतं. १५१०-११च्या सुमारास केलेली त्याची विच्छेदनाची चित्रं आज विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. त्यांत त्यानं एकच खांदा थोडा थोडा फिरवत वेगवेगळ्या बाजूंनी काढला आहे, आणि एके ठिकाणी तर स्नायूंच्या जागी नुसते दोरे ओढून कोण कुठून कुठं खेचतो ते दाखवलं आहे. चित्रकारानं स्नायू असाच शिकायला हवा. त्याचा आकार नंतर, आधी त्याची दोन टोकं.

त्याच सुमारास मायकेलअँजेलो सिस्टाइन चॅपेलच्या छतावरच्या लिबियन सिबिलची तयारी करत होता. तिचं लाल खडूतलं रेखाटन न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. चित्रातली सिबिल स्त्री आहे, पण रेखाटनासाठी बसलेला मॉडेल पुरुष. दोन्ही हात वर आणि बाहेर, धड पिळलेलं, पाठ आपल्याकडं. दोन्ही फरे वेगवेगळ्या कोनांत कललेले आहेत आणि मधला पाठीचा कणा त्यांच्यामध्ये वळसा घेतो. एकही उंचवटा शोभेसाठी नाही. हे रेखाटन छापील प्रतीवरून दरवर्षी गिरवावं असं मी सांगतो.

आता मुलं व्यायामशाळेतल्या स्पर्धांचे फोटो समोर ठेवतात. तो अभ्यास मला पटत नाही. स्पर्धेतला शरीरसौष्ठवपटू सगळे स्नायू एकाच वेळी आवळून उभा असतो. काम करणाऱ्या शरीरात असं होत नाही. कोपर वाकवलं की बायसेप्स आखडतो, मागचा ट्रायसेप्स सैल पडतो. सगळंच फुगवून काढणाऱ्यांच्या आकृतींना लिओनार्दोनं अक्रोडाच्या पोत्याची उपमा दिली होती.

त्यापेक्षा कोल्हापूरच्या तालमीत बसावं. वस्तादांची परवानगी घेऊन, कोपऱ्यात. पैलवान जोर मारत असतो. छाती खाली जाते तेव्हा दोन्ही फरे कण्याकडं येतात आणि मध्ये खोल घळ पडते. तो हातांवर उठतो तेव्हा ते दूर सरकतात, पाठ रुंद होते. मुद्गल फिरवताना कोपर आकाशाकडं जातं आणि फऱ्याचं टोक काखेबाहेर डोकावतं. पैलवानाच्या अंगावर थोडी चरबी असते, त्यामुळं स्नायू सुटे सुटे दिसत नाहीत, मोठे घडीव आकार दिसतात. नवशिक्याला हेच हवं. हालचाल पुन्हा पुन्हा तीच होत असल्यानं, एका फेरीत निसटलेलं पुढच्या फेरीत पकडता येतं.

तिथं रेखाटताना आधी चारच खुणा करायला सांगतो: गळ्याची खळगी, हासळीचं बाहेरचं टोक, फऱ्यावरची आडवी धार आणि फऱ्याचं खालचं टोक. ही हाडं कातडीलगत असतात, माणूस किडकिडीत असो वा भरलेला, ती सापडतातच. मग दंडाचं हाड एका रेघेनं. त्यानंतर त्या क्षणी जो स्नायू काम करतो आहे तेवढाच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाकीचे हलक्या छायेत राहू द्यावेत. वर्षभर असं केल्यावर मुलं पोट काढायला घाई करत नाहीत. आधी मॉडेलभोवती फेरी मारून त्याची पाठ बघून येतात, मग समोर येऊन बसतात.