बुजलेली मोरी

आप्पा रात्री पाच-पाच वेळा उठायचे. अंगणात जाताना त्यांच्या बॅटरीचा उजेड खिडकीवरून सरकायचा, त्यावरून मी मोजायचो. विचारलं तर म्हणायचे, "वय झालं, त्यात काय सांगायचं?" जवळच्या एका डॉक्टरांनी वर्षभर उन्हाळीच्या गोळ्या दिल्या. मीही खोदून विचारलं नाही. बापाशी लघवीचं बोलायचं कसं? कंबर धरली तेव्हा कुठे रक्तातला पीएसए तपासला. चारच्या आसपास डॉक्टर सावध होतात, आप्पांचा आला ८६.

कुंभिवलीहून खोपोली, लोकलने दादर, मग परळचं टाटा हॉस्पिटल. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता.

"सुपारीचं व्यसन नाही मला. मग हे कसं?" आप्पांनी विचारलं. डॉक्टरबाईंनी कागद ओढला. प्रत्येक पेशीत डीएनए तोच. कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, हे बऱ्याच अंशी त्यावर चिकटणारे मिथाइलचे बारीक कण ठरवतात. जीएसटीपी१ नावाचं जनुक पेशीतलं विष निकामी करतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये दहातल्या नऊहून जास्त गाठींत ते मिथाइलने बंद पडलेलं असतं. मोडलेलं नसतं, नुसतं बंद. १९९४ साली अमेरिकेत हे उघडकीस आलं.

आप्पा कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे खाचराची मोरी बुजली. बांध शाबूत, पण पाणी निघत नाही. रोप कुजणारच."

बाई चिपळूणच्या निघाल्या. मोरी त्यांना समजवावी लागली नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "आणि वरच्या खाचरातून पाणी येतंच आहे." हे पाणी म्हणजे टेस्टोस्टेरॉन, पुरुषी संप्रेरक. ते पेशीतल्या ग्राहीला चिकटतं, ती जोडी केंद्रकात जाऊन 'वाढा' असा निरोप देते. तो निरोप तोडणं हाच उपचार. टाटा हॉस्पिटल सुरू झालं त्याच १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी तो दाखवून दिला; १९६६ला त्यांना नोबेल मिळालं. पुढेमागे पेशी थोडक्या पाण्यावरही जगायला शिकतात, हेही बाईंनी लपवलं नाही.

मिथाइल काढणारी औषधं रक्ताच्या काही आजारांत वापरतात, प्रोस्टेटसाठी अजून नाहीत. आप्पांना हे पटत नाही. मोरी तर पायाच्या अंगठ्यानेही उघडते!

दर तीन महिन्यांनी इंजेक्शन असतं. त्याने अंगातून वाफा निघतात. भर पावसात आप्पा पडवीत उघडे बसतात, हातात पुठ्ठा. पीएसए ०.४ वर आलाय. पुढची तारीख ऐन लावणीत येतेय, म्हणून माणसं दोन दिवस उशिरा सांगितली आहेत.