वडनेरची छपरे आणि दूरदर्शनचा खेद

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जावे असा विषय निघाला, की आपल्या घरांतून महाबळेश्वर, गणपतीपुळे, फार तर चिखलदरा ही नावे ऐकू येतात. वडनेरचे नाव कोणी घेणार नाही. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले हे गाव. नागपुराहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याने बुटीबोरी, जाम, हिंगणघाट ही ठाणी मागे टाकीत दक्षिणेकडे निघाले, की शंभरेक किलोमीटरांवर ते लागते. पुढे वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. लांबचे प्रवासी येथे चहापुरते थांबले तर थांबतात. मी मात्र मुद्दाम उतरलो. दूरदर्शनची यंत्रे पाहायची तर मुंबईस वरळीच्या मनोऱ्याखाली जावे. परंतु ती यंत्रे रुसली म्हणजे काय होते, हे पाहायचे असेल तर चित्र जेथे शेवटी येऊन पोहोचते त्या टोकालाच गेले पाहिजे, असे माझ्या मनाने घेतले होते.

दिवाळीच्या सुमारास या मुलखाला एक निराळीच कळा असते. काळ्या मातीत कपाशीची बोंडे फुटलेली असतात, सोयाबीन घरात आलेले असते, आणि रस्त्याने कापसाची वाहने पांढरे पुंजके सांडीत हिंगणघाटच्या बाजाराकडे जात असतात. पण मी पाहत होतो ती छपरे. कवेलूचे घर असो, टिनाचे असो की नवा स्लॅब असो, प्रत्येकावर एकेक छत्री. आणि सूर्यफुलाच्या शेतासारखी त्या साऱ्या छत्र्यांची तोंडे एकाच बाजूला, दक्षिण-आग्नेयेकडे! कारण साधे आहे. आपल्याला चित्र पाठवणारे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात, म्हणजे आपल्या दक्षिणेला. आणि घरोघरच्या छत्र्या ज्यांच्याकडे पाहतात ते बहुतेक वडनेरच्या मानाने पूर्वेलाही आहेत.

रस्त्याकडेच्या हॉटेलात चहा घेता घेता मी मालकांपाशी हा विषय काढला. पन्नाशी उलटलेले गृहस्थ. छत्र्यांकडे हात करून ते हसले.

"हे तं आताचं सुख आहे, भाऊ. आमच्या लहानपणी लंबा पाइप, अन् त्याच्यावर अँटेना. आम्ही तिघं भाऊ. एक छपरावर, एक दारात, अन् एक टीव्हीपुढं. टीव्हीपुढचा ओरडे, 'आलं, आलं!' दारातला वर सांगे, 'आलं म्हणते, सोड!' अन् त्यानं हात सोडला का गेलं न बे!"

वाचकहो, ही केवळ गंमत नाही. यात शास्त्र आहे. जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात. मनोरा जितका उंच तितकी त्याची नजर लांब. पण पृथ्वीच गोल असल्यामुळे काही अंतरावर ती रेषा जमिनीच्या डोक्यावरून निघून जाते. लांबच्या गावाने मग आपली अँटेना उंच करावी, जोडीला बूस्टर लावावा, आणि तरीही पडद्यावर मुंग्या आल्या तर त्या मोजीत बसावे. छपरावरच्या भावाचा हात म्हणजे धातूच्या कांड्यांजवळ आलेली आणखी एक वस्तू. त्याने लहर कधी सावरे, कधी बिघडे.

या नजरेच्या रेषेशी या भागाचे नाते मात्र जुने आहे. हिंदुस्थानची महात्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर असताना हिंगणघाट येथेच वारला; त्याची कबर तेथे आहे. आयुष्यभर त्याने एका उंचवट्यावरून दुसरा उंचवटा दिसतो का, एवढेच पाहिले. मधे झाड आले, धुके आले, तर मोजणी अडली! दीड शतकाने त्याच मुलखात छपरावर चढलेल्या पोराची अडचण काही वेगळी नव्हती.

हॉटेलवाल्यांच्या शेजारी एक निवृत्त गुरुजी बसले होते. त्यांनी मला त्या काळच्या बिघाडांची वर्गवारीच सांगितली. "मुंग्या आल्या तर दोष आपला, म्हणजे अँटेनाचा. चित्र वरून खाली धावू लागले तर दोष संचाचा. लाइन गेली तर दोष वीजमंडळाचा. पण पडद्यावर 'रुकावट के लिए खेद है' अशी पाटी आली, म्हणजे पोराला खाली बोलवायचे. दोष तिकडचा!"

मला ही वर्गवारी फार आवडली. त्या पाटीची आपण शहरात थट्टाच केली. पण वडनेरच्या छपरावर उभ्या असलेल्या पोराला तिने केवढा निरोप दिला होता पाहा: बाबा रे, तुझे काही चुकलेले नाही, तू खाली उतर.

आणि तिकडचे दोषही लहानसहान नव्हते. १५ ऑगस्ट १९८२ रोजी देशात रंगीत चित्रे आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाले. त्यासाठी एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए हा उपग्रह तीन आठवड्यांतच, सप्टेंबरच्या आरंभी, निकामी झाला. पृथ्वीकडे तोंड ठेवण्याची त्याची व्यवस्था बिघडली आणि स्वतःला सावरण्याचे इंधन संपून गेले. दिल्लीचे आशियाई खेळ तर नोव्हेंबरात उभे! परदेशी उपग्रहाचा आधार घेऊन ती वेळ निभावली गेली. पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट १९८३ रोजी, अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून इन्सॅट-१बी निघाला. त्याचे सूर्यपंख अडकून बसले. ते उघडेपर्यंत सप्टेंबरचा मध्य आला. मात्र ते उघडले म्हणूनच १९८४ साली काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले आणि आडगावांपर्यंत चित्र पोहोचले. छपरावरच्या भावाला यातले काय ठाऊक असणार? तो बिचारा पाइप फिरवीत होता.

असले प्रसंग थोरामोठ्यांनाही चुकलेले नाहीत. २० एप्रिल १९६४ रोजी लंडनमध्ये बीबीसीची दुसरी वाहिनी थाटाने सुरू व्हायची होती. त्याच संध्याकाळी बॅटरसीच्या वीजकेंद्रात आग लागली आणि उद्घाटनाचा सोहळाच अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी निवेदक पडद्यावर आला तो पेटलेली मेणबत्ती घेऊन, आणि ती फुंकून त्याने वाहिनीचा आरंभ केला. १९६९ च्या नोव्हेंबरात अपोलो-१२ च्या अंतराळवीराकडून चंद्रावरचा कॅमेरा चुकून सूर्याकडे रोखला गेला, आणि त्या मोहिमेची चांद्रभूमीवरची थेट चित्रे तेथेच संपली. आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये कोलकाता दूरदर्शनच्या निवेदिकेला उष्म्याच्या लाटेची बातमी वाचता वाचताच भोवळ आली. तो प्रसंग लाखो लोकांनी पाहिला. विदर्भातल्या माणसाला त्या बाईंची अवस्था समजावून सांगावी लागत नाही!

आता जुनी केंद्रे जवळजवळ सारी बंद झाली. २०२२ पर्यंत दूरदर्शनने मोजकी सोडून जुन्या पद्धतीची प्रक्षेपणे थांबवली. पाइप भंगारात गेले, छत्र्या आल्या. चित्र स्वच्छ झाले, पण बिघाड मुके झाले. पूर्वी चित्र हळूहळू अंधुक होई. मुंग्यांतूनही बातमी कळे. आता ते असते तेव्हा आरशासारखे असते. नसते तेव्हा चौकोन चौकोन होऊन गोठते आणि साफ जाते. मार्चच्या पूर्वार्धात, आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागतो तेव्हा, काही दिवस दुपारच्या आधी सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडतो आणि काही मिनिटे चित्र नाहीसे होते. पावसाचे तर विचारूच नका. छत्रीला येणारी लहर जेमतेम अडीच सेंटीमीटरांची. जोराच्या सरीत तिची शक्ती पाण्याचे थेंबच खाऊन टाकतात.

येथे मात्र हसण्याजोगे काही उरत नाही. वेचलेला कापूस अंगणात पडला आहे, आभाळ भरून आले आहे, आणि पाऊस किती वेळ टिकणार हे ऐकण्यासाठी टीव्ही लावावा तर नेमका त्याच घटकेला पडदा काळा! ओला कापूस बाजारात कोण घेणार? तरुणांच्या हाती मोबाईल आहे. पण तरुण शेतात किंवा नागपुरात, आणि घरी म्हातारी माणसे. पडद्यावर तेवढी एक ओळ उमटते: सिग्नल मिळत नाही, जोडणी तपासा. म्हणजे पुन्हा दोष घरच्यांचा!

गुरुजींच्या घरी मी गेलो, तेव्हा त्यांच्या वृद्ध मातोश्री वाती वळीत बसल्या होत्या. आमचे बोलणे त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "पहिले पाटी येत होती. आता पोरगं पाण्यात टिनावर चढते अन् मी खाली राम राम म्हणत बसतो. आभाळानं गेलं का ह्या तारेनं गेलं, एवढं तं सांगा न, बाप्पा. मंग माणूस गप बसते."

परतीची गाडी यायला अवकाश होता. मी पुन्हा एकदा त्या छपरांकडे पाहिले. छत्तीस हजार किलोमीटरांवरून चित्र आणून दाखवणाऱ्यांना एक ओळ पाठवणे अवघड नसावे. सूर्य केव्हा आड येणार याचे गणित तर महिनोन्‌महिने आधी मांडता येते. खेद ज्याचा त्याने कळवला, की वडनेरातले एखादे पोर निसरड्या टिनावर चढायचे वाचेल.