किल्ला बांधण्याआधी पाणी पाहा

१/ गोदावरीच्या खोऱ्यातील सपाट काळ्या रानात माझे बालपण गेले. डोंगरी किल्ला प्रथम पाहिला तो परभणीहून निघालेल्या शालेय सहलीत, देवगिरीला. त्यामुळे ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या खेळात अख्खा डोंगर हाती येताच मी आधी भव्य महाद्वार बांधले. तीच चूक नवख्यांनी टाळावी, म्हणून हा थ्रेड.

२/ तार्न व झॅक अ‍ॅडम्स या बंधूंनी हा खेळ २००६ मध्ये खुला केला. आरंभी सात बुटके आणि गाडाभर सामान. खडक खोदून वस्ती उभारायची. जिंकण्याची अट नाही. हरण्यातच मौज, हे त्याचे ब्रीद.

३/ माझी वस्ती पहिल्याच हिवाळ्यात तहानेने संपली. ओढा गोठला होता, मद्याची पिंपे रिकामी होती. महाद्वार शाबूत होते. शत्रू आलाच नव्हता.

४/ त्याच आठवड्यात रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ पुन्हा उघडले. इ.स. १७१५ च्या सुमाराचा हा ग्रंथ. दुर्गप्रकरण परीक्षेपुरते पाठ होते; आता ते पराभूत किल्लेदाराच्या नजरेने वाचले.

५/ धडा पहिला: जागा. अमात्य म्हणतात, आधी पाणी पाहून मग किल्ला बांधावा. खेळातही वाहते पाणी असलेली जागा निवडा. जलधर खडकाचा इशारा दिसला तर मात्र टाळा. खोदताच पाणी आत शिरते.

६/ धडा दुसरा: राखीव साठा. तोफांच्या हादऱ्यांनी झरे आटतात, म्हणून एका झऱ्यावर न विसंबता दोन-चार टाकी राखून ठेवावीत, असे अमात्य बजावतात. खेळात जमिनीखाली टाके खोदा. तेथील पाणी गोठत नाही.

७/ धडा तिसरा: कोठार. १२९६ मध्ये अलाउद्दीनाच्या वेढ्यात देवगिरीवर धान्य समजून चढवलेल्या गोण्यांत मीठ निघाले, अशी कथा सांगतात. पहिल्या वसंतातच भुयारात अळंबीची शेती लावा, मद्य गाळा आणि दार लावण्याआधी साठा मोजा.

८/ एका ठिकाणी ग्रंथ व खेळ वेगळे होतात. अमात्यांना एकच दरवाजा हा दोष वाटतो. त्यांच्याजवळ पहारेकरी होते, नवख्याजवळ नसतात. म्हणून आरंभी एकच वाट ठेवा, तिच्यावर उचलता पूल बांधा आणि त्याची कळ आत बसवा.

९/ उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घरात मी वाढले. तरी इतिहास वाचताना खुणा केल्या त्या तटांवर आणि तलवारींवर. वेढ्यात रांजणही लढत असतो, हे कळायला एक वस्ती गमवावी लागली. पुढच्या वेळी गडावर जाल, तेव्हा बुरुजावर छायाचित्र काढण्याआधी पाण्याचे टाके शोधा.